सुटेल असा सांधा

राउफॉसला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
चाचणीच्या खोलीत ते कधी विझतच नाहीत.
टेबलावर पट्ट्या, काचतंतूंच्या, राखी,
दोन दोन, टोकाशी बोटभर एकीवर एक चढलेल्या.
मधे डिंकाचा थर, नखाहून पातळ,
आणि थरात लोखंडाची भुकटी,
इतकी बारीक की बोटाला नुसतं काळं लागतं.

आयलर्ट एकेक पट्टी यंत्राच्या जबड्यात देतो.
जबडे एकमेकांपासून सावकाश दूर जातात.
सहा किलोन्यूटन. धरलंय.
साडेसहा. धरलंय.
सातच्या जरा पुढे पट्टीच फाटते,
सांधा जागच्या जागी.
आयलर्ट मिशीत हसतो. "हे मला कळतं."

चाळीस वर्षं त्यानं हेच केलं,
तुटेल पण सुटणार नाही असं जोडणं.
बंपर, दारं, बसची छपरं,
एकदा एका रुग्णवाहिकेची अख्खी बाजू.
सुटलेला सांधा म्हणजे चूक,
आणि चूक तक्त्यात लाल शाईनं लिहायची,
खाली सही करून.

मग इल्वा येते, सायकलवरून, केसांत बर्फाचे कण,
तांब्याच्या नळीचं वेटोळं पुढे ओढते,
आत पट्टी सरकवते, कळ दाबते.
काही दिसत नाही. ना ज्योत, ना धूर.
पट्टीचं टोक माझ्या बोटांत, ते थंडच.
तापतं ते फक्त आतलं लोखंड
आणि लोखंडाच्या संगतीनं डिंक.
एकोणीस. वीस. एकवीस सेकंद.
चिमट्यानं ती वरची पट्टी उचलते,
तापल्या दुधावरची साय निघावी तशी.

आयलर्ट तिकडे बघत नाही.
हातमोजे काढतो, परत घालतो.

"गाडी मोडीत निघाली," इल्वा म्हणते,
"की दार वेगळं, चौकट वेगळी,
दोन्ही धड. दळायचं नाही, पुरायचं नाही."
"आणि त्याआधी कुणी वेटोळं घेऊन आला तर?
रात्री, पार्किंगमध्ये?"
मला वाटलं ती हसेल.
तिनं वही उघडली आणि लिहून घेतलं, पार्किंग,
खाली दोन रेघा.

सातवी पट्टी सुटली नाही.
भुकटी एका कडेला बसली होती,
अर्धा सांधा लोणी, अर्धा दगड.
ओढलं तर तंतू पिंजून वर आले, कुसळांसारखे.
इल्वा खिडकीकडे जाऊन उभी राहिली.
आयलर्टला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याची लाजही वाटली,
मानेपर्यंत लाल झाला तो.

जेवणाच्या सुट्टीत मोरीपाशी पाठमोरा
त्यानं वरची कवळी काढली, धुतली,
ट्यूबमधली गुलाबी रेघ ओढून परत बसवली.
"बारा वर्षं," मला म्हणाला.
"सकाळी चिकटवतो, रात्री कोमट पाण्यानं सोडवतो.
मधे सफरचंद खातो, सूलफ्रिडशी भांडतो,
कुणाला कळत नाही."
तपकिरी चीजचा तुकडा बराच वेळ चावत राहिला.
"हे मला आधी आठवायला हवं होतं."

मला आईची खळ आठवली,
कणीक शिजवून केलेली, भिंतीच्या कागदासाठी.
दर काही वर्षांनी ती वाफेची किटली धरायची
आणि पोपटी फुलांखालून निळे पट्टे निघायचे,
त्याखाली कुणा अनोळखी माणसानं निवडलेला तांबडा.
भिंत तीच असायची.

आठव्या पट्टीला चिमटा आयलर्टनं धरला.
सुटली. त्यानं दोन्ही तुकडे उलटून पाहिले,
अंगठा फिरवला, वास घेतला, आणि विचारलं,
"आता परत जोडल्या तर?"

इल्वानं त्याच्याकडे पाहिलं. कळ दाबली.
एकवीस सेकंद, वर वजन, मग थांबणं,
तेवढ्यात कुणीतरी कॉफी आणली, ती निवली.
यंत्राचे जबडे निघाले.
पाच. साडेपाच.
सहाला धरून, एक दशांश पुढे सोडलं.

या आकड्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.
आयलर्टनं लाल पेन उचललं, ठेवलं,
खिसे चाचपले,
आणि समासात लिहिलं, शिसपेन्सिलीनं.