कुंद्याचा डबा

बाटली लहान, पांढऱ्या झाकणाची.
शेवंतानं ती पिशवीत गुंडाळली,
पिशवी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली,
वरून रबर चढवलं
आणि म्हणाली, आता कोण विचारत नाही.

अनगोळच्या नाक्यावर बस मिळाली.
मी दाराजवळची जागा धरली.
आठ वर्षं झाली, कुठंही गेलो की
आधी संडास कुठं आहे ते बघतो,
मग देव कुठं आहे ते.

शेजारी येऊन बसले मुतगेकर मास्तर.
डब्याकडं बघून हसले:
"कुंदा कुणाला न्हेऊलास गा? गोड बातमी काय की?"
म्हटलं, पाव्हण्यांचं काम आहे.
तसं खोटं नव्हतं.
पाव्हणा कोण, तेच तर विचारायला निघालो होतो.

रात्री चौदा वेळा. पहाटे रक्त.
माझं जुनं दुखणं मला ओळखीचं आहे,
ते सांगून येतं:
आधी गुडघे धरतात, तोंड येतं,
मग आतडं सोलवटतं.
या वेळी गुडघे गप्प होते.
आणि वास वेगळा.
शेवंताला कळला होता, ती बोलली नाही,
फक्त खिडकी उघडून आली.

उद्यमबागेत लेथवर उभा राहून
दोन थौचा फरक मी बोटानं सांगतो.
कास्टिंगच्या आत पोकळी असली
तर टूलचा आवाज बदलतो, तोही ओळखतो.
माझ्याच पोटातला आवाज ओळखता येईना.
जुनं उलटलंय, की नवं शिरलंय?
जुनं असेल तर स्टिरॉइड वाढवायचं.
नवं असेल तर तेच वाढवणं म्हणजे
चोराला कंदील धरणं.

दाढेसाठी गोळ्या घेतल्या होत्या, पाच दिवस.
दाढ थांबली.
पोटातलं सगळं गाव मात्र उठून गेलं
आणि उघड्या घरांतून
कोण राहायला आलं, कुणी पाहिलं नाही.

लॅबच्या खिडकीत मुलगी म्हणाली, "हेसरु?"
"परशराम धामणेकर."
तिनं कन्नडात लिहिलं.
मला बोलता येतं, वाचता येत नाही.
गोल गोल अक्षरं, त्यांत कुठंतरी मी.
डबा पुढं केला.
ती थबकली, झाकणावरचं मिठाईवाल्याचं नाव वाचलं,
आणि दोघंही हसलो,
तेवढ्यात कळ आली.
मी नुसतं तिच्याकडं बघितलं.
तिनं नुसतं बोट दाखवलं, डावीकडं, शेवटचं दार.
तेवढ्यापुरता इथं भाषेचा वाद नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर मुन्नोळ्ळीबाई
कागद चष्म्याजवळ धरून म्हणाल्या,
हे तुमचं नेहमीचं नाही. जंतू आहे, विष सोडतोय.
स्टिरॉइडला आपल्या मनानं हात लावू नका.
ही कॅप्सूल दिवसातून चार वेळा, दहा दिवस.
हात साबणानंच धुवा,
त्या वासाच्या जेलला तो भीक घालत नाही.

आणि मला बरं वाटलं.
हे कुणाला सांगू?
आठ वर्षं माझंच अंग माझ्यावर उठलेलं,
कुणावर चिडायचं ते कळायचं नाही,
भिंतीवर हात आपटायचो.
आज पहिल्यांदा
गुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर निघाला.
दवाखान्याच्या पायरीवर मी त्याला
पोटभर शिव्या दिल्या, मराठीत,
मग उरलेल्या कन्नडात.

शेवंता रोज संडासात ब्लीच ओतते,
डोळे चोळत बाहेर येते.
चुलती डाळिंबाची साल घेऊन आली,
मावशीनं दृष्ट काढली.
मी दोघींना नाही म्हटलं नाही,
कॅप्सूलही चुकवली नाही.
सहाव्या दिवशी पाच वेळा.
आठव्या दिवशी तीन.
भाताला भातासारखी चव.

बाराव्या दिवशी बसमध्ये पुन्हा मास्तर.
"आवडला काय रे कुंदा पाव्हण्यांना?"
आवडला, म्हटलं.
"गेले काय?"
गेले.
पण बाई म्हणतात, असले पाव्हणे
परत येतात.

मास्तरांना काही कळलं नाही.
"येऊ देत की," म्हणाले,
आणि खिडकीकडं सरकून
मला दाराजवळची जागा दिली.