वजा दोन मिनिटं

चौकशी समितीपुढे माझ्या तक्त्याचा कागद होता.
नऊ ओळी.
पहिली हाक. बोटीचं ठिकाण. हेलिकॉप्टरला निरोप.
इंजिनात पाणी. दुसरी हाक.
हेलिकॉप्टर निघालं.
तिसरी हाक. उत्तर नाही. उत्तर नाही.
आणि नऊही ओळींपुढे एकच वेळ :
दोन चौदा, सात सेकंद.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले,
निरोप आणि उड्डाण एकाच सेकंदात?
उत्तरेकडच्या केंद्रांत एवढी तत्परता
मी पाहिली नव्हती.
ते थट्टा करत नव्हते.
त्या रात्री रेडिओवर असलेला टूरलाइफ
आपल्या बुटांकडे बघत राहिला.
त्याला ठाऊक होतं.
मला जास्त ठाऊक होतं, तक्ता मी मांडलेला,
सहा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी,
शेवटची फेरी गाठायच्या घाईत.

चूक कुठे होती सांगते.
चूक म्हणावी अशीही नाही.
व्यवहार उघडताना डेटाबेस एकदा घड्याळ बघतो
आणि मग मान वर करत नाही.
कितीदाही विचारा, आत्ता किती वाजले?
तो सांगणार दार उघडलं तेव्हाचे.
त्याच्या लेखी व्यवहार म्हणजे एक घोट,
उतरला तर सगळा, नाहीतर थेंबही नाही.
घोटाच्या पोटात कुठली आलीत मिनिटं?
बँकेत हे शोभतं.
पण टूरलाइफने त्या रात्री नोंदीचा पडदा उघडला
तो सतरा मिनिटं मिटलाच नाही,
एका हातात माइक, दुसऱ्यात फोन,
आणि मिटवायला तिसरा हात नव्हता.

शून्य मिनिटांवर सगळे खूश होते.
शून्यात कोणाचा दोष निघत नाही.
मीही गप्प बसले असते, खोटं कशाला बोलू.
मागच्या बाकावरून ओल्लाउग उठली.
सिगब्यॉर्नची बायको. विधवा म्हणायचं
अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही.
कॉफीच्या रिकाम्या पाकिटाची पाठ तिने पुढे केली :
रात्रभर स्वयंपाकघरात रेडिओ लावून
ऐकेल ते लिहीत गेलेली,
पेन्सिलने, ज्या त्या वेळेला.
दोन सोळा, त्याचा आवाज.
दोन सत्तावीस, निघालं म्हणतात.
दोन तेहतीस, केंद्राला कोणी ओ देत नाही.
पेन्सिलीला व्यवहार ठाऊक नसतो.
ती प्रत्येक ओळीला नव्याने घड्याळ बघते.

अकरा मिनिटं.
बर्फ झाडायला लागली असतील पंखांवरचा,
किंवा कोणी चावी शोधत असेल. ते समिती बघेल.
खलाशी पोरगा, आयरिक, वाचला,
काळ आला होता, वेळ आली नव्हती.
सिगब्यॉर्नची दोन्ही आली, बरोबरच,
आणि माझ्या तक्त्यात त्यातलं एकच लिहिलं गेलं.

मी दुरुस्ती केली आहे.
आता ओळ लिहिताना भिंतीवरचं खरं घड्याळ बघितलं जातं,
व्यवहार कधी उघडला आणि कधी मिटला
तेही वेगळ्या रकान्यांत.
जुन्या ओळींची वेळ मात्र मी बदलली नाही.
खोटी असली तरी ती नोंद आहे.
शेजारी एक रकाना जोडला, त्यात पाकिटावरचे आकडे,
आणि स्रोत या शीर्षकाखाली : स्वयंपाकघर, पेन्सिल.

एकच अडचण होती.
पहिल्या हाकेची माझी वेळ खरी, दार तेव्हाच उघडलं.
तिथे माझे चौदा, तिचे सोळा.
तिच्याकडे गेले. ओट्यावरचं घड्याळ
दोन मिनिटं पुढे होतं.
ती म्हणाली, मुद्दाम.
त्याला बंदरावर पोचायला नेहमी उशीर व्हायचा.
आणि मागे करायला हात वर नेला.

म्हटलं, थांबा,
माझ्या नोंदी पुऱ्या होऊ देत.