लाइफबोटीचा नारिंगी

रंग सुटेना,
म्हणून एलिसेओनं आईचा हेअर ड्रायर आणला.
काळी साल फुगली पापडासारखी.
खाली लाकूड नाहीच,
प्लायवूड. थरावर थर, शिळ्या केकसारखे.
"वीस हजार पेसोत काय चंदन मिळणार होतं?"
नेलिदामावशी कांदा चिरता चिरता म्हणाली.
ड्रायर तेवढ्यात जळाला.

मान वेगळी केली. चार स्क्रू चहाच्या बशीत.
मानेच्या खाचेत पेन्सिलीनं सात,
आणि बरोबरची खूण.
कारखान्यात कुणीतरी हे धड तपासलं होतं,
पास केलं होतं.
तेवढ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली.

रंग बोटीचा.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर पत्र्याची घरं, जिने,
कुत्र्याचं खोपटंसुद्धा
गोदीतून उरलेल्या रंगात निघतं.
डबा मामाचा.
कसा आला, ते विचारायचं नाही.

पहिला हात ओघळला.
दुसरा बरा.
तिसरा देऊन धड तारेवर टांगलं,
मोज्यांच्या शेजारी.
रात्री समुद्रावरून धुकं चढलं.
सकाळी रंगावर पुरळ,
आणि एक माशी, पाय वर करून, कायमची.

शनिवारी, तिसऱ्या गाण्यात,
शर्ट बासला चिकटला.
एलिसेओ जागचा हलला नाही.
लोक म्हणाले, केवढा तल्लीन!

आवाज? तोच.
थोडा बसका, पूर्वीसारखाच.

घरी आईनं शर्ट पाहिला,
बोलली काही नाही.
ओले केस तसेच बांधून
डब्यात वाकून बघत राहिली:
"एवढ्यात दार होईल का रे आपलं?"