एक ठोका मागे

माझं काम ठोके मोजायचं.
रुवैसच्या नव्या धक्क्यावर
समुद्राच्या तळात पोलादी खांब उतरवताना
दर पाव मीटरला किती घाव लागले ते वहीत लिहायचं.
याचा पगार मिळतो, हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही.

पहिले चार महिने घणाजवळच उभा होतो.
तिथं डोळा आणि कान एका ताटात जेवतात.
घण पडला, खण्ण.
मधे नख शिरवायला जागा नाही.

मग बिजुमोननं मागं पाठवलं, माझ्या कानांच्या काळजीनं,
दोनशे मीटरवर, डिझेलच्या पिंपांपाशी.
तिथं पहिल्यांदा फट दिसली.
घण पडतो, मुकाच.
पुन्हा वर निघाला की मग आवाज येतो,
हजेरी संपल्यावर दारातून "हजर" म्हणणाऱ्या पोरासारखा.
या उन्हात आवाज जरा जास्तच पळतो म्हणे.
तरी उजेडापुढं त्याचं काय चालणार.

आणि एका दुपारी, आणखी लांब,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत चहा पिताना
बघतो तर सगळं परत जुळलेलं!
घण पडतो, खण्ण. घण पडतो, खण्ण.
मी खूश.
तेवढ्यात झरवलीनं यंत्र बंद केलं,
घण वरच्या वर लटकला,
आणि रिकाम्या हवेत
आणखी एक ठोका वाजला.

तो कुणी मारला नव्हता.
म्हणजे मारला होता, मघाशी.
इतका वेळ मी ह्या घावाला
त्याच्या आधीच्या घावाचा आवाज नेसवत होतो
आणि अंगाला बसला म्हणत होतो.

कवटीत कुणी मध्यस्थ बसलाय,
मुहूर्त टळू नये एवढीच त्याला घाई.
पत्रिका बघत नाही, गोत्र विचारत नाही,
शेजारी उभे दिसले की टाकतो अक्षता.

आमच्या इचलकरंजीत, मागांच्या शेडमध्ये
दादांनी एकतीस वर्षं ओठ ऐकले.
धागा तुटला, कांडी संपली, जॉबर आला,
सगळं ओठांवर.
घरीसुद्धा बोलताना आवाज घालायचा विसरायचे.
आई म्हणायची, "घाला की वाईच, मिठासारखा."
रात्री लाईट गेली
की दादा बहिरे व्हायचे.

इथं शमालची धूळ उठली की आम्ही तोंडाला फडकी बांधतो.
मग झरवली हातभर अंतरावरून ओरडतो,
"कपडा हटाओ, सुनाई नहीं देता!"
मला हसू येतं. त्याला का ते सांगत नाही.

शुक्रवारी फोन.
चित्र पुढं, आवाज मागं, ओढ घेत घेत.
मी म्हणतो, "या वर्षी सुट्टी नाही."
आई अजून त्याच्या आधीच्या वाक्याला हसतेय,
कॅन्टीनच्या भातावर काहीतरी बोललो होतो, त्याला.
दादांचा चेहरा मात्र उतरलाय.
मग माझा आवाज पोचला
आणि आईचं हसू अर्ध्यात थांबलं.
तिच्या मागून दादांचे ओठ हलले.
आवाज नव्हता त्यात,
नेटमुळं की सवयीनं, कोण जाणे.
मला ऐकू आलं.

आज खांब क्रमांक एकोणतीस.
डोळ्यांनी मोजले तीनशे बारा.
कानांनी मोजले तीनशे बारा.
पहिला मुका, शेवटचा आंधळा,
मधल्या साऱ्यांचे संसार दुसऱ्याशीच.
बेरीज जुळते, म्हणून साहेब सही करतो.

झरवली खाली उतरतो, हात हलवून बोलावतो.
मी लगेच उठत नाही.
घण थांबल्यावर
एक यायचा असतो अजून.