सतरावा दिवस

बेल्जियमहून कागद आलाय, पाच पानी.
शेवटच्या पानावर एकच चौकोन रिकामा:
तीन आठवड्यांची शर्यत हा पोरगा कधी जिंकेल का?
शंभरपैकी आकडा लिहा.
बाकीचं त्यांनी मोजलंय,
फुप्फुसात किती हवा मावते, मांडीत किती वॅट,
किलोमागे किती, दशांशासकट.
मला विचारतात, कारण बिसराम मावस्करला
पहिली सायकल शाळेच्या भंगारातून मी काढून दिली,
आणि परतवाड्यात असा प्रश्न
याआधी कुणी कुणाला विचारलाच नव्हता.

धामणगाव गढीच्या नाक्यापासून मोथ्याच्या वळणापर्यंत
चौतीस मिनिटं, बारा सेकंद.
घड्याळ माझ्याच हातात होतं; मी दोनदा पाहिलं.
वरच्या हॉटेलवाल्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, "मॅडम, हा तं जिंकलाच समजा."

माझा बाप बाजारात बैल पारखायचा.
लोक पटाचा बैल पुढे आणत,
शिंगं रंगवलेली, डोळ्यात जाळ,
आठ सेकंदांत झेंडी.
बाप त्याच्या पाठीवर थाप मारायचा
आणि विकत घ्यायचा नाही.
"धावते चांगला, बाई. पण
कापूस भरून अकोल्याले नेऊन दाखव म्हणा याले.
अन् परत आणून."

घाट म्हणजे पट.
चौतीस मिनिटांत मला एवढंच कळतं
की पोराला झेंडी दिसते.

म्हणून खाली नेलं, दर्यापूरकडच्या खारपाणात,
जिथे झाड नाही, वळण नाही,
आणि वारा आडवा पडून असतो दिवसभर.
तिथे त्याचे खांदे हलले.
एकट्यानं घड्याळाशी झुंजायचं तर
बावन्न किलोचं अंग वाऱ्याला पुरत नाही.
दीड मिनिट गेलं. लिहून ठेवलं.
उतारावर अजून दोन बोटं ब्रेकवर, त्याच वळणाला,
जिथे संत्र्याचा ट्रक समोर आला होता.
तेही लिहिलं.
आणि हे, खाली रेघ मारून:
ज्या दिवशी जिंकायची गरज नसते
त्या दिवशीही त्याला राहवत नाही.
(बाविसाव्या वर्षी मलाही राहवलं नसतं.
ते लिहिलं नाही.)

मग वही मिटली आणि नुसते दिवस मोजायला बसले.
पहाटे पाचला तो पुढे, मी स्कूटीवर मागे,
कानाला मफलर, हँडलला त्याची शिदोरी.
नवव्या दिवशी चिडला.
बाराव्या दिवशी भाकर कुत्र्याला घातली.
चौदाव्याला म्हणाला, "मॅडम, हे पाय माहे नाहीत."
म्हटलं, "मग कोणाचे आहेत ते विचारून ये सेमाडोहात."
हसला नाही.
गेला.

सतराव्या दिवशी परतला, सायकल भिंतीला टेकवली,
दोन भाकरी, ठेचा, सोल्यांची आमटी,
वर शेजारच्या कुसुमनं न विचारता वाढलेला भात,
सगळं संपवलं, सावकाश, मान वर न करता,
आणि सतरंजीवर आडवा झाला तो झोपलाच.
जबडा अजून हलत होता.

मुक्कामाला गाड्या सुटल्या की
बाप कंदील घेऊन बैलांमधून फिरायचा.
कोण पुढे आला, कोण मागे, विचारत नसे.
कोण बसला, कोण उभाच राहिला,
कुणी पाणी पिऊन रवंथ धरलं,
एवढं बघायचा.
पहाटे पहिल्या गाडीला कोण, ते तिथेच ठरायचं.

मी मनगट धरलं. एक्केचाळीस ठोके.
पुन्हा मोजले. एक्केचाळीस.

चौकोन रिकामाच आहे.
बेल्जियमला कळवलंय: अजून चार दिवस थांबा.
आणि त्याला भात लागतो, रात्रीचा, मऊ.
तुमच्याकडे कोण शिजवतं, तेवढं लिहा.