‘य’च्या चिठ्ठ्या

कोशाच्या कचेरीतून टपालानं आल्या,
तीनशे बारा, सगळ्या ‘य’च्या.
अर्थ लिहा, वापराचं एक वाक्य लिहा,
बोलीत निराळा शब्द असेल तर तोही.
देवबागला बसून लिहितो मी:
एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या,
मधे माडांपुरती वाळू.

युती: समान शत्रूविरुद्ध दोघांनी केलेला करार.
‘समान’ खोडलं. मग ‘दोघांनी’ खोडलं.
शत्रू तेवढा ठेवला.

तह ‘त’मध्ये गेला, तटस्थही तिथंच.
फितूर छापूनसुद्धा झाला.
माझ्या वाट्याला यादवी.
कोशाच्या क्रमात ती आधीच येते,
युती नंतर, युद्ध त्याच्याही नंतर,
आणि युद्धबंदीला पान उलटावं लागतं.

बस्त्याव फर्नांडिस जाळं सांधत होता.
म्हटलं, घरातल्या घरात लढाई,
तिला तुमच्यात काय म्हणतात रे?
“इलेक्शन,” म्हणाला, आणि सुई दातांत धरली.

चंद्रभागा मेतर बांगडे खारवत होती.
तिनं मान वर केली नाही.
“भांडान म्हंजे भांडान.
नाव कित्याक ठेवतंस?
नाव ठेवला काय ता जगाक लागता.”

आमची रापण एकच होती. अठ्ठावीस वाटे.
दोराला हात लावला त्याला वाटा,
म्हाताऱ्याला वाटा, पोटुशीला वाटा.
मग भास्करकाकानं मशीनची होडी घेतली
आणि चौदा जण त्याच्याकडे गेले.
वरची वाडी आमच्या बाजूनं आली,
बंदरावरचा व्यापारी त्यांच्या.
बर्फवाला दोघांनाही बर्फ देत राहिला
आणि दोघांकडेही त्याची उधारी राहिली.
आज्जी दोन्ही घरांत जेवायची बंद झाली.
कुठं जेवायची, ते कुणी विचारलं नाही.

यादव मेले ते किनाऱ्यावरच.
मुसळ झिजवून त्याची पूड पाण्यात टाकली होती,
वाटलं, गेलं.
भरतीनं ती परत आणून लावली,
गवत झालं तिचं.
भाऊ भावाशी भांडला तेव्हा
हाताला येईल ते उपटलं, ते हेच.
खाडीच्या कडेला लव्हाळी माजलीत यंदा.
मी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं: पौराणिक.

खाली वाक्याला दोन बोटं जागा.
लिहिलं:
‘त्या यादवीत काकाचं जाळं जळालं.’

चिठ्ठी परत आली.
तांबड्या शाईत संपादक, कुणी प्र. वि. आठल्ये:
अर्थ ठीक. वाक्यात कर्ता दिसत नाही.

तेरा वर्षांचा होतो.
रॉकेल बाबांनी आणलं होतं,
काडेपेटी माझ्या चड्डीच्या खिशात होती,
कुणी मागितली आणि मी दिली,
की कुणी न मागताच,
हे मला इतक्या वर्षांत
कुठल्याच शब्दाखाली लिहिता आलेलं नाही.
नायलॉन जळतो तेव्हा त्याचे थेंब पडतात,
निळे, आवाज करत.

रापणीचा दोर मधोमध कापला होता तेव्हा.
अर्धा आमच्या विहिरीवर आहे अजून.
अर्धा काकाकडे, पाड्याच्या गळ्यात.
संध्याकाळी पाडा आमच्या कुंपणाशी येतो,
मान घासतो,
मी त्याला हुसकत नाही.

आठल्येंना आज उत्तर टाकायचं आहे.
चिठ्ठी कोरी आहे,
वारा सुटलाय, वर शंख ठेवलाय.