चपलांची रांग

ओदेसाच्या गोदीत, त्र्याऐंशीच्या थंडीत
आमच्या जहाजाचा पंप बसला.
साहेब म्हणाला, सील नाही. सहा महिने तरी नाही.
भांडारातली लुद्मिला म्हणाली, आहे,
पण तुझ्यासाठी आहे, कंपनीसाठी नाही.
मी दोन नायलॉनच्या साड्या दिल्या.
तिनं त्यांचे पडदे शिवले, एक डॉक्टरीणबाईंना दिला,
बाईंनी तिच्या आईचे गुडघे आधी तपासले.
ही लाच नव्हे हं, ती म्हणाली.
त्यांच्यात एक आखूड शब्द होता, ब्लात.
मी म्हटलं, आमच्यातही आहे: ओळख.

हर्णैला आलो की ओळखीवरच निभायचं.
सुरमईचा मधला तुकडा तलाठ्याकडे,
सोड्यांची पुडी सर्कलच्या मेहुणीला,
हापूसची पहिली पेटी प्रांताच्या ड्रायव्हरला,
कारण साहेब स्वतः घेत नसत.
हिशेब कधी लिहिला नाही.
लिहिला असता तर वाचावा लागला असता.

चौऱ्याण्णवला पुन्हा गेलो. तिचा देश मोडला होता.
गोदीच्या फाटकाशी लुद्मिला सुट्या सिगारेटी विकत होती.
आता सगळं मिळतं, म्हणाली, नुसते डॉलर मोजायचे.
आईच्या गुडघ्यांचं कुणी विचारत नाही.
मलाही वाईट वाटलं. तेव्हा.

परवा वारसनोंदीसाठी सज्जावर गेलो.
दार बंद. पायरीपासून चपलांची रांग,
माणसं फणसाखाली.
माझ्या पुढं एक निळी स्लिपर, पट्टा तारेनं आवळलेला,
जनी पावसेची. नवरा जाऊन तिसरा पावसाळा,
सातबाऱ्यावर अजून तोच जिवंत.
काझीचाचा, जरा लक्ष ठेवा, म्हणाली,
लिलावाला जाऊन येते. बोट लागलीय.
आणि अनवाणी गेली, तापल्या वाळूतून, पाटी घेऊन.

मागच्या पडवीतून शिपायानं खूण केली.
भाऊसाहेब म्हणतायत, चाचा बाहेर कशाला बसलेत?

चहा आला. सोडे झकास होते म्हणाले.
सही वाळेपर्यंत नातवाच्या दहावीचीही चौकशी झाली.

बाहेर आलो. माझी चप्पल रांगेत होती तिथंच,
कुणी हात लावला नव्हता.
निळी मात्र कुणीतरी
पायानं ढकलत पार शेवटाला नेली होती,
एक उताणी, एक पालथी.
मी सरळ केली. शेवटालाच.

जनीची इथं कुणाशी ओळख नव्हती
असं नाही.
माझ्याशी होती.